कच्ची दारू : पिणाऱ्याला स्वस्त, घराला महाग

नोव्हेंबर १९९१. दिवाळीचे दिवस होते. राजधानी दिल्लीतील गोरगरिबांच्या वस्त्यांतून एकाएकी माणसे रुग्णालयांत आणली जाऊ लागली. कुणाच्या पोटात कळा येत होत्या, कुणाला श्वास घेववत नव्हता, तर कुणाला डोळ्यांपुढे काहीच दिसत नव्हते. दोन-तीन दिवसांत मृतांची संख्या दोनशेच्या घरात जाऊन पोहोचली. चौकशी झाली तेव्हा लोक चक्रावले. या माणसांनी कुठल्या अंधाऱ्या गुत्त्यात जाऊन दारू प्यालेली नव्हती. त्यांनी प्यायले होते ते एक औषध. 'कर्पूरासव' असे नाव छापलेले, बाटलीत भरलेले, आयुर्वेदाचा शिक्का मिरवणारे औषध.

आसव म्हणजे आंबवून केलेले औषध. त्यात थोडाफार मद्यार्क असायचाच. तो जुन्या वैद्यकालाही ठाऊक होता आणि कायद्यालाही. पण त्या दिवाळीत बाटल्यांमधून जे विकले गेले त्यात नेहमीच्या मद्यार्काऐवजी मिथाइल अल्कोहोल, म्हणजे मिथेनॉल हे विष होते. घेणारे मात्र ते पोटदुखीसाठी घेत नव्हते. दारूच्या दुकानातील बाटली परवडत नाही, ही परवडते आणि नशाही येते, एवढाच त्यांचा हिशेब होता.

तेव्हापासून तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. दिल्लीत मेट्रो आली, भोवती गुडगाव आणि नोएडाच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. परंतु तो हिशेब अजून बदललेला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीला लागूनच असलेल्या सोनीपत आणि पानिपत परिसरात विषारी दारूने अनेकांचे बळी घेतले. जानेवारी २०२१ मध्ये बुलंदशहर जिल्ह्यात तेच घडले आणि त्याच वर्षी मे महिन्यात अलीगडमध्ये. पानिपत म्हटले की मराठी माणसाच्या मनात १७६१ साल उभे राहते. पण तेथील मजुरांच्या बायकांना विचाराल तर त्यांच्या घरची लढाई रोज संध्याकाळी सुरू होते.

मग प्रश्न पडतो तो असा, की ही दारू बेकायदा आहे, जीवघेणी आहे, पोलीस धाडी घालतात, वर्तमानपत्रे छापतात, तरी ती विकली कशी जाते? आणि विकत कोण घेतो?

भट्टी आणि विष

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे जिला 'हातभट्टी' किंवा 'गावठी' म्हणतात, तिला दिल्लीकडे 'कच्ची' म्हणतात. गूळ, साखरेची मळी, मोहाची फुले किंवा सडकी फळे पाण्यात आंबवायची आणि ते रसायन भट्टीवर तापवून त्याची वाफ थंड करून गोळा करायची, ही तिची ढोबळ रीत. यातून मिळते ते इथाइल अल्कोहोल, म्हणजे दुकानातील दारूत असते तेच.

भट्टीची दारू आरोग्याला बरी असते असा याचा अर्थ मुळीच नाही. गंजके पिंप, जुन्या गाड्यांचे भाग, शिशाचे सांधे लावलेल्या नळ्या आणि जोर यावा म्हणून टाकलेला नवसागर किंवा युरिया, हे सारे पिणाऱ्याच्या पोटात जाते. शिवाय दारू किती कडक आहे हे मोजायचे साधन कुणाजवळ नसते. 'पहिल्या धारेची' म्हणून जिचे कौतुक होते, त्या पहिल्या वाफेतच लवकर उडणारी घातक द्रव्ये अधिक असण्याचा संभव असतो.

तरीही एका रात्रीत शंभर-शंभर माणसे मरतात ती बहुधा गुळाच्या भट्टीने नव्हे. गुळापासून तयार होणाऱ्या दारूत मिथेनॉल अत्यल्प असते. सामूहिक मृत्यू होतात ते कारखान्यांसाठी असलेले मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे किंवा दारू म्हणून सरळ तेच पाणी घालून विकल्यामुळे. रंग, प्लायवूडचा गोंद, रसायने अशा असंख्य उद्योगांना मिथेनॉल लागते. ते स्वस्त असते, दिसायला पाण्यासारखे स्वच्छ असते आणि त्याचा वासही मद्यार्काच्या जवळचाच असतो. भट्टी लावायला वेळ, सरपण आणि आडजागा लागते. मिथेनॉलचा कॅन चोरून आणला की तासाभरात शेकडो पाऊच भरून होतात. विकणाऱ्याचा लोभ आणि अज्ञान येथे एकत्र येतात आणि मरणारा मरतो.

शरीरात गेल्यावर मिथेनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल डोळ्यांच्या नसा जाळते आणि रक्त आम्लधर्मी करते. दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल माणसाला आंधळे करू शकते आणि ३० मिलिलिटर जीव घेऊ शकते. यातील सर्वांत फसवी गोष्ट अशी, की त्रास लगेच होत नाही. पिणारा माणूस रात्री गाणी म्हणत घरी येतो, शांत झोपतो, आणि बारा ते चोवीस तासांनी त्याला पोटदुखी, ओकाऱ्या व धाप लागणे सुरू होते. डोळ्यांपुढे पांढरे धुके पसरते. तोवर घरच्यांना वाटत राहते की रात्रीची उतरलेली नाही.

घरी केलेली दारू गुन्हा का?

एखाद्या वाचकाला वाटेल, विष कालवणाऱ्याला जरूर पकडा, पण स्वतःच्या घरी, स्वतःपुरती दारू गाळली तर सरकारचे काय जाते? या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासात आहे.

इंग्रज येण्यापूर्वी आणि त्यांच्या सुरुवातीच्या काळातही गावोगावी ताडी, माडी, मोहाची दारू केली जात होती. त्यावर कर होता, पण तो स्थानिक स्वरूपाचा आणि बराच ढिला. इंग्रज सरकारला यात मोठी मिळकत दिसली. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकारच्या परवान्याला बांधला गेला. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांवरच कायदा आला. जंगलात पडणारे फूल वेचून साठवणेसुद्धा आदिवासींसाठी संशयाचे कृत्य ठरले. लाखो घरांतील चुलींवर नजर ठेवण्यापेक्षा मोजक्या भट्ट्यांवर कर बसवणे सोपे, हे त्यामागचे साधे गणित होते.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पण हे गणित फारसे बदलले नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात सरकारने दारूबंदीसाठी प्रयत्न करावेत असे म्हटले आहे. त्याच राज्यघटनेने दारूवर कर घेण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही पिण्याची दारू त्याच्या बाहेर ठेवण्यात आली, कारण ही दुभती गाय सोडायला एकही राज्य तयार नव्हते. दारूचा धंदा करणे हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीज प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे सरकार हवे तर दारू बंद करील, हवे तर स्वतःच विकील. दिल्लीत तर सरकारी महामंडळांचीच दुकाने आहेत.

दिल्लीत सध्या २००९ चा अबकारी कायदा लागू आहे. त्यापूर्वी १९१४ चा पंजाबचा कायदा चालत असे. परवान्याशिवाय दारू तयार करणे, बाळगणे किंवा विकणे यासाठी नव्या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंत दंड आहे. अबकारी कायद्यांत 'तयार करणे' याची व्याख्याही मोठी व्यापक असते. नैसर्गिक असो वा कृत्रिम, ज्या क्रियेने मादक पेय तयार होते ती प्रत्येक क्रिया त्यात मोडते. तेव्हा बरणीत द्राक्षे आणि साखर घालून हौसेने 'घरची वाइन' करणाऱ्या सुशिक्षित गृहिणीने आपण कायद्याच्या फार आत आहोत अशा भ्रमात राहू नये.

बाहेरच्या देशांनी येथे एक भेद केला आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये कायदा बदलून घरच्या वापरासाठी ठराविक प्रमाणात बीअर आंबवायला मोकळीक दिली गेली. मात्र घरी दारू गाळणे तेथे परवान्याशिवाय गुन्हाच राहिला. आंबवणे आणि गाळणे यांतील धोका सारखा नाही, हे त्यामागचे तत्त्व. गाळण्यात आग लागण्याचा, स्फोट होण्याचा आणि विषारी द्रव्ये एकवटण्याचा धोका असतो. आपल्याकडेही हिमाचलसारख्या राज्यांत आदिवासी भागांना घरगुती पेयांबाबत सवलती आहेत, तर गोव्यातील काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे जी गोष्ट एका गावात परंपरा, तीच दुसऱ्या गावात गुन्हा!

तात्पर्य काय, तर घरची दारू बेकायदा असण्यामागे जिवाची काळजी हे एक कारण आहे आणि तिजोरीची काळजी हे दुसरे. दोन्ही खरी आहेत. फक्त सरकार पहिले मोठ्याने सांगते आणि दुसरे हळूच.

औषधाच्या वाटेने

कर्पूरासवाची वाट कुठून फुटली, हेही पाहण्यासारखे आहे. मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला तेव्हा त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. १९५१ मध्ये बालसारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग वैध ठरवला. परंतु मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी मात्र रद्द केली. निर्णय योग्यच होता. खोकल्याचे औषध घेणाऱ्या आजीबाईला पोलीस ठाण्यात नेणे कोणत्याही शहाण्या राज्याला शोभणार नाही.

पण जिथे दार असते तिथे चोरवाटही असते. दारूवर जबर कर आणि औषधावर नाममात्र, अशी स्थिती असली की दारू औषधाचा वेष घेते. १९९१ मध्ये दिल्लीत नेमके हेच झाले. आणि हा वेष काही एकच नाही. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद झाली तेव्हा आंध्र प्रदेशात लोकांनी हात धुण्याचे सॅनिटायझर प्यायले आणि जीव गमावला. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथेही सॅनिटायझर पिऊन माणसे दगावली. व्यसन लागलेल्या माणसाला दुकानाचे कुलूप थांबवत नाही. ते त्याला फक्त दुसऱ्या, अधिक धोक्याच्या दाराकडे वळवते.

घेतो कोण?

कच्ची दारू घेणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. दिवसभर पोती वाहणारा हमाल, सायकलरिक्षा ओढणारा, भंगार वेचणारा, गटारात उतरणारा, इमारतीच्या पायाभरणीवर विटा वाहणारा. यातील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून आलेले. एका खोलीत सात-आठ जण राहणार, घर दूर, अंग ठणकते आणि झोप येत नाही. गटारात उतरणारे कित्येक कामगार सांगतात की शुद्धीवर राहून ते काम करताच येत नाही. त्यांच्यावर हसणे सोपे आहे. त्या गटारात पाच मिनिटे उभे राहणे सोपे नाही.

या माणसाला सरकारमान्य दुकानातील देशी पव्वासुद्धा जड जातो. दुकान लांब असते, सकाळी उघडत नाही, ड्राय डेला बंद असते आणि तेथे उधारी चालत नाही. गुत्तेवाला मात्र गल्लीच्या टोकाशी असतो. तो पहाटे देतो, रात्री देतो, एक ग्लाससुद्धा देतो आणि वहीत नाव लिहून घेतो. गांधी जयंतीला त्याचा धंदा दुप्पट होतो. मे २०२० मध्ये दिल्ली सरकारने दारूवर ७० टक्के 'विशेष कोरोना शुल्क' लावले होते. महिनाभरातच ते मागे घ्यावे लागले, पण त्या काळात ज्यांना दुकानातील बाटली परवडेनाशी झाली त्यांनी पिणे सोडले असेल का? ज्याच्या घरात असा माणूस आहे ती गृहिणी याचे उत्तर देऊ शकेल.

विकणाऱ्यांत बायकाही असतात, हे ऐकून काही भगिनींना धक्का बसेल. नवरा दारूने गेला, पदरात मुले, शिक्षण नाही. मग वरच्या दलालाने आणून दिलेला माल झोपडीत ठेवायचा आणि पाऊचमागे चार पैसे घ्यायचे. पोलिसांची धाड पडते तेव्हा हीच बाई पकडली जाते. माल पुरवणारा सुरक्षित असतो.

आता दुसरा गिऱ्हाईक पाहा. हा आपल्यातलाच आहे. लग्नाची पार्टी फार्महाऊसवर ठरली आहे, तीनशे पाहुणे आहेत, आणि कुणीतरी ओळखीचा सांगतो, 'बाटल्या मी देतो, गुडगावहून आणतो, निम्म्या दरात.' किंवा 'विमानतळावरची ड्यूटी फ्री आहे.' किंवा 'लष्कराच्या कॅन्टीनची आहे, अगदी अस्सल.' स्वस्तात मिळते म्हटल्यावर लाखोंचा हॉल घेणारा वधूपिताही मोहात पडतो. बाटली विलायती, झाकण चकचकीत, पण आतले पाणी कुठल्या गोदामात भरले कोण जाणे. विलायती ब्रँडच्या रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याकडून विकत घेऊन त्यात हलकी दारू भरणाऱ्या टोळ्या राजधानीच्या परिसरात वारंवार पकडल्या गेल्या आहेत. म्हणजे आपण कच्ची पीत नाही अशा घमेंडीत असलेला साहेब कदाचित तीच पितो, फक्त दहापट पैसे मोजून.

कायद्याची नजरही दोघांवर सारखी नसते. दिल्लीच्या नियमांनुसार २५ वर्षांवरील माणूस घरात ९ लिटर व्हिस्की, रम, जिन वगैरे आणि १८ लिटर बीअर-वाइन ठेवू शकतो. एका मोठ्या एकत्र कुटुंबाच्या घरात सापडलेल्या १३२ बाटल्यांचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले तेव्हा घरातील प्रौढ माणसे मोजून गुन्हा रद्द झाला. कायद्याप्रमाणे ते बरोबरच होते. पण ज्याच्या खिशात एक कच्चा पाऊच सापडतो, त्याच्यासाठी मोजदाद करायला कुणी वकील उभा राहत नाही.

तीन राज्यांच्या सीमेवर

राजधानी परिसराची एक खास अडचण आहे. रस्ता ओलांडला की राज्य बदलते. एका बाजूला दिल्ली, दुसरीकडे हरियाणातील गुडगाव, फरीदाबाद, सोनीपत आणि तिसरीकडे उत्तर प्रदेशातील नोएडा, गाझियाबाद. तिन्ही राज्यांचे अबकारी दर वेगळे, नियम वेगळे, पिण्याचे कायदेशीर वयही नेहमी सारखे राहिलेले नाही. जिथे दर स्वस्त तिथून महाग असेल तिथे बाटली वाहत जाते, जसे पाणी उताराकडे.

हरियाणात जुलै १९९६ मध्ये बन्सीलाल सरकारने दारूबंदी केली. निवडणुकीत महिलांना दिलेले ते वचन होते आणि खेड्यापाड्यांतील बायकांनी त्याचे मनापासून स्वागत केले होते. पण सीमेपलीकडे दिल्लीत दुकाने उघडीच होती. दुधाच्या कॅनमधून, भाजीच्या ट्रकमधून, रुग्णवाहिकेतूनसुद्धा दारू आत जाऊ लागली. गावोगावी भट्ट्या पेटल्या, तस्करांची नवी पिढी तयार झाली, सरकारची तिजोरी रिकामी झाली आणि एप्रिल १९९८ मध्ये बंदी उठवावी लागली. पिणारे तेच राहिले, बायकांची आशा मात्र गेली.

शिक्षा कडक, पण कुणाला?

प्रत्येक दुर्घटनेनंतर ठरलेला खेळ होतो. काही शिपाई आणि अबकारी निरीक्षक निलंबित, चौकशी समिती, मदतीची घोषणा आणि आणखी कडक कायदा. २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली तेव्हा गुजरातने फाशीपर्यंतची तरतूद केली. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशनेही अशा मृत्यूंसाठी जन्मठेप किंवा फाशीची तरतूद कायद्यात आणली. तरी २०२१ मध्ये अलीगड घडलेच. तेथे तर कित्येकांनी दारू घेतली होती ती परवाना असलेल्या देशी दारूच्या ठेक्यांवरून! कुंपणच शेत खाऊ लागले तर राखणदार कुणाला म्हणायचे?

आपल्या महाराष्ट्राचा अनुभवही निराळा नाही. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ऐंशीहून अधिक आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक लोक विषारी दारूचे बळी ठरले. मालवणीचा निकाल लागायला २०२४ साल उजाडले. चौदा आरोपींपैकी चौघांना दहा वर्षांची सक्तमजुरी झाली आणि दहा जण सुटले. तोवर त्या वस्तीतील मुले बापाविना नऊ वर्षांनी मोठी झाली होती.

कागदावर फाशी लिहून भट्टी विझत नाही. मिथेनॉलचा प्रत्येक टँकर कुठून निघाला, कुठे पोहोचला आणि वाटेत किती कमी झाला याची रोजची नोंद ठेवली तर फरक पडेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने औद्योगिक मद्यार्कावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे असा निर्णय दिला. आता 'तो विषय केंद्राचा' असे म्हणून हात झटकायला राज्यांना जागा उरलेली नाही.

बायकांनी काय करायचे?

दारूविरुद्धची मोठी आंदोलने या देशात बायकांनीच उभी केली. १९९२ मध्ये आंध्रातील नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता वर्गात जाणाऱ्या खेडूत स्त्रियांनी अरकाची दुकाने बंद पाडली आणि वर्षभरात सरकारला अरकबंदी करावी लागली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. मतदान घेऊन 'बाटली आडवी' करणाऱ्या महाराष्ट्रातील गावांच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत.

या स्त्रियांचा संताप शंभर टक्के खरा आहे. पण परवान्याचे दुकान बंद झाले की काम संपले, असे समजणे घातक ठरते. बिहारने एप्रिल २०१६ पासून पूर्ण दारूबंदी केली, तीही महिलांच्या मागणीवरून. सुरुवातीच्या कायद्यात घरात दारू सापडली तर घरातील सर्व प्रौढ माणसांना जबाबदार धरण्याची तरतूद होती. म्हणजे मार खाणारी बायकोही आरोपी! २०१८ मध्ये ती सौम्य करावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील सारण जिल्ह्यात विषारी दारूने सत्तरहून अधिक माणसे मेली तेव्हा सुरुवातीला मुख्यमंत्र्यांनी नुकसानभरपाई नाकारली. पिणारा मरणारच, अशी त्यांची भूमिका होती. काही महिन्यांनी सरकारला मन बदलावे लागले आणि मृतांच्या कुटुंबांना चार लाख रुपये द्यायचे ठरले. पिणाऱ्याची चूक मान्य केली तरी त्याच्या विधवेची चूक कोणती?

या भीतीचा सर्वांत वाईट परिणाम असा, की घरचे लोक खरे सांगत नाहीत. पोलीस येतील, अब्रू जाईल म्हणून डॉक्टरांना 'काहीतरी शिळे खाल्ले' असे सांगितले जाते. आणि मिथेनॉलच्या विषबाधेत वाया गेलेला एकेक तास डोळे आणि प्राण घेऊन जातो.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक घराने, आणि घरी कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईने, लक्षात ठेवाव्यात. दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी कुणाला अंधुक दिसू लागले, पोटात कळा आल्या, धाप लागली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर झोपू देऊ नका, सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. लिंबू, ताक, मिठाचे पाणी यांचा काही उपयोग नाही. काय प्यायले, कधी प्यायले हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि उरलेला पाऊच किंवा बाटली सोबत न्या. या विषावर उतारा आहे, डायलिसिसनेही ते रक्तातून काढता येते. मात्र वेळ हातात असायला हवी. त्याच्याबरोबर आणखी कोण प्यायले होते त्यांनाही शोधून आणा, त्यांना अजून काही होत नसले तरी.

ज्यांच्या घरी विलायती बाटल्या येतात त्यांनी दोन नियम पाळावेत. ओळखीच्या माणसाने 'आतून' आणून दिलेली स्वस्त बाटली घेऊ नये; आणि रिकामी बाटली भंगारात देण्यापूर्वी तिचे लेबल फाडून, झाकण मोडून टाकावे. आपल्या कपाटातील रिकामी बाटली उद्या कुणाच्या तरी हातात भरून जाणार आहे, हे विसरता कामा नये.

आणि ज्या घरात रोज पिणारा माणूस आहे, त्या घरासाठी व्यसनमुक्ती केंद्र सरकारी रुग्णालयात मिळायला हवे आणि तेथे गेल्याबद्दल कुणी पोलिसाला खबर देता कामा नये. सरकार दारूवर हजारो कोटी रुपये कमावते. त्यातला किती वाटा सोडवणुकीवर खर्च होतो, हा प्रश्न मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारण्याचा हक्क त्या घरातील स्त्रीला आहे. उमेदवार दारात येईल तेव्हा तिने तो जरूर विचारावा.